एच. आय. व्ही. : भीती आणि वस्तुस्थिती

काही रोगांची नावे आपल्या घरांत उघडपणे घेतली जात नाहीत. एच. आय. व्ही. त्यांपैकीच एक. नाव न घेतल्याने रोग टळत नाही, अज्ञान मात्र वाढते. म्हणून हा अल्प प्रयत्न.

भारतात हा विषाणू प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळला. डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला या पदव्युत्तर विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी रक्ताचे नमुने गोळा केले, त्यांतून हे उघड झाले.

हा विषाणू रोगप्रतिकार करणाऱ्या सीडी-४ या पांढऱ्या पेशी नष्ट करतो. उपचार न झाल्यास काही वर्षांनी क्षयासारखे रोग बळावतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. लागण झालेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो, असे नव्हे.

लागण चार मार्गांनी होते : असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि आईकडून बाळाला – गरोदरपणी, बाळंतपणात वा अंगावरच्या दुधातून. एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने किंवा डास चावल्याने ती होत नाही.

निरोधचा वापर, नवी सुई, तपासलेले रक्त आणि गरोदर स्त्रीची वेळेवर तपासणी व उपचार, हे प्रतिबंधाचे उपाय. लागणीचा धोका घडलाच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे; २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टळू शकते. सरकारी केंद्रांत तपासणी मोफत होते व गुप्त ठेवली जाते. मात्र लागणीनंतर सुरुवातीचे काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही. म्हणून सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासावे.

हा रोग समूळ बरा करणारे औषध सर्वांसाठी अद्याप उपलब्ध नाही. परंतु ए. आर. टी. च्या गोळ्या रोज, कायम घेतल्यास विषाणू दबून राहतो व माणूस दीर्घायुष्य जगतो. चाचणीत न दिसण्याइतका विषाणू दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने हे उपचार मोफत सुरू केले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाशी नोकरीत वा शिक्षणात भेदभाव करण्यास मनाई आहे.

औषध आहे, कायदा आहे. तरी 'लोक काय म्हणतील' या धास्तीने तपासणी लांबते आणि तो उशीर जिवावर बेततो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दवाखान्याचा कागद घरी मीच वाचून दाखवतो. आपल्यापैकी अनेकांचे असेच असेल. मित्रहो, तो कागद वाचताना हा शब्द आपण गाळू नये, एवढीच विनंती.