फुस्स आवाजाची किंमत

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी आहे. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला की ताकद वाढते आणि टर्बो टिकतो, असं मित्र सांगतात. बसवू का?
– एक वाचक, भैरवगढ, उज्जैन

उत्तर : ताकद वाढत नाही, आणि टर्बो सांभाळायची सोय कंपनीने बहुधा आधीच केलेली असते, तेव्हा निर्धास्त राहा. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटल मिटतो आणि अडलेली दाबाची हवा उलटी कॉम्प्रेसरवर आदळते. मूळ व्हॉल्व्ह ती टर्बोच्या अलीकडच्या नळीत परत सोडतो; ब्लो-ऑफ ती बाहेर फेकतो. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा मग इंजिनात पोचतच नाही, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडतं. परिणामी गिअर बदलताना झटका, काळा धूर, काजळलेले प्लग. फक्त दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत हा त्रास कमी, हे खरं. पण तिथेही स्प्रिंग मऊ असली तर आयडलिंगला व्हॉल्व्ह किंचित उघडा राहून न गाळलेली धूळ आत ओढतो. शिवाय वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं. बूस्ट कमी वाटत असेल, तर मूळ व्हॉल्व्हचा पडदा फाटला आहे का ते आधी बघा. फाटला असेल तर हवा परत फिरवणाराच नवा बसवा.