भोंडल्याच्या गीतांतील विनोद आणि सासरचा दिनक्रम

स्त्रीगीतांतील विनोदाचा विचार बहुधा 'करमणूक' या एकाच सदराखाली होतो. आश्विनात पाटावर हत्तीचे चित्र मांडून, त्याभोवती फेर धरून म्हटल्या जाणाऱ्या भोंडल्याच्या अथवा हादग्याच्या गीतांविषयी तर ही समजूत अधिकच दृढ आहे. तथापि या गीतांतील हास्याचे मूळ शोधू गेल्यास ते सासरच्या नित्य दिनक्रमातच सापडते.

कारल्याच्या वेलाचे गीत या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. माहेरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू प्रथम वेल लावण्यास सांगते. मग वेल उगवू दे, त्याला फूल येऊ दे, कारले लागू दे, त्याची भाजी होऊ दे, असा एकेक अडसर पुढे येतो. येथे एकही कठोर शब्द नाही. प्रत्येक अट स्वतंत्रपणे रास्तच वाटते. अटींच्या साखळीतून मात्र नकार उघडा पडतो आणि हसू येते. आरंभीचा विलंब निसर्गक्रमाचा, तर नंतरचा स्वयंपाकघराचा आहे. सुनेचा वेळ तिचा स्वतःचा नाही, हे सत्य गीत असे हसत हसत सांगते.

वेड्या नवऱ्याच्या गीतात विनोदाचा रोख उलटतो. बायकोने केलेले लाडू त्याला चेंडू वाटतात, करंज्या होड्या वाटतात. घरातल्या वस्तूंची ओळख असणे हेच येथे शहाणपणाचे माप ठरते आणि त्या मापाने घरधनीच मूर्ख ठरतो. परंतु काही पाठांत शेवटी हा वेडा झोपलेल्या बायकोला मेलेली समजून जाळून टाकतो. विनोदाची युक्ती तीच, ओळख चुकण्याची. फक्त लाडवाच्या जागी आता माणूस आहे. ज्या अज्ञानाला आतापर्यंत हसू येत होते, त्याच्या हाती बायकोचा जीवही आहे, याची जाणीव हे कडवे करून देते.

म्हणून हे कडवे अभद्र मानून गाळणे अभ्यासाच्या दृष्टीने हानिकारक होय. ते गाळले की उरते ते निव्वळ बालगीत. संकलकाने सर्व पाठभेद जपले पाहिजेत, ते याचसाठी.

अर्थात या हास्याला सरसकट बंड म्हणणेही अतिव्याप्त ठरेल. फेर संपतो, खिरापत ओळखली जाते, वाटली जाते आणि मुली घरोघर परततात. व्यवस्था जागची हलत नाही. मात्र उद्या सासरी जाणाऱ्या मुलीला सोसणे आणि हसणे यांचे शिक्षण एकाच चालीत मिळते. सासूच्या सबबी ओळखण्याची दृष्टी तिला सासर पाहण्यापूर्वीच लाभते. या गीतांतील विनोदाचे सामाजिक मोल या पूर्वज्ञानात आहे.