वजनकाट्याचा पासवर्ड कोणाच्या हाती?

पोशीर, कळंब, नेरळ भागात भाताची झोडणी आटोपली की खरेदी-विक्री सुरू होते. आता पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काट्याला संगणक जोडलेला असतो. गाडीचे वजन थेट त्यात उतरते, पावती छापली जाते आणि मालकाला मोबाईलवरही दिसते. सोय मोठी आहे. पण तराजूची दांडी चारचौघांना दिसत असे; संगणकातला आकडा कोणी फिरवला ते दिसत नाही.

वैध मापन कायदा 2009 नुसार अशा काट्याची दरवर्षी तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो. संगणकातील नोंदींना असे सील नसते. तेथे पासवर्ड हेच सील.

एक हिशेब पाहू. भरलेली गाडी 5,860 किलो, रिकामी 2,340. माल 3,520 किलो. कोणी रिकामे वजन 2,440 केले की शेतकऱ्याचा एक क्विंटल भात गेला. मालक, मुनीम आणि काटेवाला एकाच नावाने संगणक उघडत असतील, तर हे कोणी केले ते कळत नाही आणि बट्टा पेढीला लागतो. म्हणून व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

1. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2016 साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते.

2. प्रत्येकाला स्वतंत्र नाव द्या. काटेवाल्याने फक्त वजन घ्यावे व पावती छापावी. मुनिमाने कारण लिहून नोंद रद्द करावी. पण रद्द नोंद पुसली जाऊ नये. नवी नावे देण्याचा अधिकार मालकाकडेच असावा.

3. पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द चालतील. मोबाईल किंवा गाडीचा नंबर नको. दरमहा बदलण्याची गरज नाही. संशय आला की लगेच बदला.

4. माणूस काम सोडेल त्याच दिवशी त्याचे खाते बंद करा, पण पुसू नका. जुन्या नोंदी त्याच्या नावावरच राहिल्या पाहिजेत.

5. दुरुस्तीवाल्याला तात्पुरते खाते द्या व काम होताच बंद करा. काट्याचे सील तुटले असेल तर फेरतपासणी होऊन शिक्का बसेपर्यंत त्यावर माल तोलू नका.

6. मालकाचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवा. ऐन हंगामात विसरलात तर काटा अडेल.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र खटल्याआधी पुरावा लागतो, आणि एकच पासवर्ड सर्वांचा असेल तर तो मिळत नाही.

आठवड्यातून एकदा रद्द व दुरुस्त नोंदींची यादी काढून स्वतः वाचा. शेतकरी आपली पावती विश्वासावर घेऊन जातो. ती त्याची अमानत आहे.