दोन प्रोसेसरांची तुलना : निर्देशांकाचा एक धडा

निर्देशांक म्हटले की विद्यार्थ्यांना महागाई आठवते. परंतु पायाभूत मूल्य, भार आणि मध्य यांची निवड निष्कर्ष कसा बदलते, हे समजून घेण्यासाठी संगणकाच्या प्रोसेसरचे उदाहरण अधिक सोपे आहे. शासकीय खरेदीशीही या प्रश्नाचा थेट संबंध येतो.

एका आकड्याचा मोह

इंटेल कंपनीने नोव्हेंबर २००० मध्ये ‘पेंटियम ४’ हा प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा आरंभीचा क्लॉक स्पीड १.४ व १.५ गिगाहर्ट्झ होता. ऑक्टोबर २००१ मध्ये एएमडी कंपनीने ‘अ‍ॅथलॉन एक्सपी’ आणला. त्यातील १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला मात्र ‘१८००+’ असे नाव देण्यात आले. गिगाहर्ट्झचा आकडा कमी असला तरी काम कमी होत नाही, हे कंपनीला ग्राहकाच्या मनावर बिंबवायचे होते.

हा दावा तत्त्वतः योग्य होता. क्लॉक स्पीड म्हणजे प्रोसेसरची एका सेकंदातील आवर्तने. प्रत्यक्ष काम मात्र प्रत्येक आवर्तनात किती सूचना पूर्ण होतात, यावरही अवलंबून असते. समजा, एक प्रोसेसर सेकंदाला १.८ अब्ज आवर्तने करतो आणि प्रत्येक आवर्तनात सरासरी एक सूचना पूर्ण करतो. दुसरा १.५ अब्ज आवर्तने करतो, परंतु प्रत्येक आवर्तनात सरासरी १.२ सूचना पूर्ण करतो. दोघांचेही काम सेकंदाला १.८ अब्ज सूचना इतकेच भरते.

पेंटियम ४ च्या रचनेत सूचनेची प्रक्रिया २० लहान टप्प्यांत विभागली होती. त्यामुळे आवर्तने वाढविणे सुलभ झाले. पण पुढील सूचनेचा अंदाज चुकल्यास वाया जाणारे कामही वाढले. २००४ च्या आवृत्तीत हे टप्पे ३१ झाले, उष्णतेचा प्रश्न तीव्र झाला आणि त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना सोडून दिली. जुलै २००६ मध्ये आलेल्या ‘कोअर २ ड्युओ’चा क्लॉक स्पीड कमी असूनही त्याची कार्यक्षमता अधिक होती.

पाया बदलला की निष्कर्ष बदलतो

मग प्रत्यक्ष कामाचा वेळ मोजावा, हे ओघानेच आले. येथेच निर्देशांकाचा प्रश्न उभा राहतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संगणक ‘अ’ हिशेबाचे काम १० सेकंदांत व चित्रफितीचे काम ४० सेकंदांत करतो. संगणक ‘ब’ला दोन्ही कामांस प्रत्येकी २० सेकंद लागतात.

‘अ’ हा पाया मानल्यास ‘ब’ची वेळेची गुणोत्तरे २ व ०.५ येतात. त्यांचा अंकगणितीय मध्य १.२५ आहे, म्हणजे ‘ब’ला २५ टक्के अधिक वेळ लागतो. आता ‘ब’ हा पाया माना. ‘अ’ची गुणोत्तरे ०.५ व २ आणि मध्य पुन्हा १.२५! प्रत्येक संगणक दुसऱ्यापेक्षा मंद ठरतो. आयर्व्हिंग फिशर यांच्या कालविपर्यास कसोटीवर असे मापन टिकत नाही. गुणोत्तरांचा भूमितीय मध्य घेतल्यास दोन्ही वेळा उत्तर १ येते आणि ही विसंगती दूर होते. म्हणूनच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेक’ या संस्थेच्या प्रोसेसर चाचण्यांत भूमितीय मध्य वापरला जातो. आपल्याकडेही २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या, मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या घाऊक किंमत निर्देशांकाच्या मालिकेत वस्तूच्या पातळीवर याच मध्याचा अवलंब करण्यात आला.

भार कोण ठरविणार?

तरीही भूमितीय मध्याने खरेदीचा निर्णय होत नाही. एखाद्या कार्यालयात दोन्ही कामे सारख्याच वेळा होत असतील, तर ‘अ’ला ५० व ‘ब’ला ४० सेकंद लागतील, ‘ब’ सरस ठरेल. परंतु चित्रफितीच्या एका कामामागे हिशेबाची तीन कामे असतील, तर ‘अ’ला ७० व ‘ब’ला ८० सेकंद लागतील, ‘अ’ सरस ठरेल. यंत्रे तीच, मोजमापे तीच. बदलले ते केवळ भार. शेतमजूर आणि शहरी कुटुंब यांच्यासाठी ग्राहक किंमत निर्देशांक वेगळे का असावेत, याचे उत्तरही हेच आहे.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न

निविदेत केवळ किमान गिगाहर्ट्झ किंवा विशिष्ट कंपनीचे नाव लिहिल्यास स्पर्धा संकुचित होते आणि करदात्यास अधिक किंमत मोजावी लागू शकते. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडन व फिनलंड यांच्याकडे नेमक्या अशाच निविदांबाबत विचारणा केली होती. भारताच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ नुसार खरेदीची विनिर्दिष्टे मूलभूत गरज भागविणारी असावीत. अनावश्यक खर्च वाढविणारी वैशिष्ट्ये त्यांत नसावीत. शाळेतील संगणक कक्षासाठी यंत्रे घेताना तेथे कोणती कामे किती वेळा होणार, हे आधी ठरविणे म्हणजेच या तत्त्वाचे पालन होय.

अभ्यासकांनी कोणताही निर्देशांक समोर आल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पाया कोणता, मध्य कोणता आणि भार कोणाच्या गरजेनुसार? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच त्या आकड्यावरून धोरणाविषयी मत बनविणे उचित ठरते.