अखंड २५ मिनिटे

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील फ्रान्चेस्को चिरिल्लो या विद्यार्थ्याचे मन अभ्यासात लागत नव्हते. टोमॅटोच्या आकाराचे, स्वयंपाकघरातील गजराचे घड्याळ समोर ठेवून त्याने ठरावीक वेळ एकाच कामास देण्याचा परिपाठ सुरू केला. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती आणि चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती, अशी पद्धत त्यातून घडली. इटालियन भाषेतील टोमॅटोच्या नावावरून ती ‘पोमोदोरो’ म्हणून ओळखली जाते.

रुग्णालयात ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. रुग्णाची हाक घड्याळ पाहून येत नसते. तथापि औषधे देताना व्यत्यय जितके अधिक, तितक्या चुका अधिक व गंभीर होतात, हे सिडनीतील दोन रुग्णालयांतील परिचारिकांच्या कामाचा जो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यातून दिसून आले.

म्हणून औषधे काढण्याच्या वेळी आम्ही एका परिचारिकेवर केवळ हाक व दूरध्वनी यांची जबाबदारी सोपवितो. इतर जणी अखंड काम करतात. फेरी संपली की जबाबदारी बदलते. तातडीचा रुग्ण आल्यास घड्याळ अर्थातच बाजूस राहते.

रुग्णांच्या नातेवाइकांस नम्र विनंती, की औषधे काढणाऱ्या भगिनीस त्या वेळी प्रश्न न विचारता हाकेवरील भगिनीस विचारावे. आपले हे सहकार्य आम्ही देणगीइतकेच मोलाचे मानतो.