जुनी गाडी पळती करताना

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकातून रोज सकाळी पावणेनऊच्या सुमारास एक जुनी मारुती ८०० आत येते. ती दिसण्याआधी ऐकू येते. तिच्या मालकाने, म्हणजे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातील एका उत्साही विद्यार्थ्याने, मूळचा सायलेन्सर काढून मनगटाएवढ्या तोंडाची नळी बसवली आहे. परवा प्रात्यक्षिकाच्या तासाला त्याने मला विचारले, "सर, आता कार्बुरेटर मोठा बसवला तर गाडी आणखी पळेल का?" त्यातला 'आणखी' हा शब्द ऐकून मला हसू आले, पण ते मी लगेच आवरले. कारण काही वर्षांपूर्वी मीही याच वाटेने गेलो होतो, आणि त्या वाटेवर पुढे आंबोलीचा घाट होता.

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे, मोटारीचा तज्ज्ञ नव्हे. तेव्हा पुढील मजकूर एका शिकाऊ माणसाने दुसऱ्या शिकाऊ माणसाला सांगावा अशा बेताने लिहिला आहे.

आमच्याकडची गाडी वडिलांनी घेतलेली, १९९६ सालची. ही जात १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक मारुती ८०० 'जुनी' या सदरात मोडते. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे. शक्ती चाळिसाच्या आत, सुमारे ३९ अश्वशक्ती. गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात, पण हलकेपणामुळे ही गाडी चपळ असते. निदान नवी असताना होती.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इंजिन म्हणजे हवेचा पंप. पेट्रोल हवे तितके ओतता येते, हवा मात्र खेचून आणावी लागते. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. मिनिटाला ५,५०० फेऱ्या धरल्या, तर ०.७९६ लिटर गुणिले २,७५० म्हणजे जवळजवळ २,२०० लिटर हवा मिनिटाला आत जावयास हवी. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी जाते, कारण वाटेत फिल्टर आहे, कार्बुरेटरचा गळा आहे, वळणे आहेत आणि शेवटी व्हॉल्व्हची चिंचोळी फट आहे. शक्ती वाढवण्याचे बहुतेक उपाय म्हणजे ही वाट मोकळी करण्याचे उपाय. आपल्या बेळगावला निसर्गच थोडा हात आखडता घेतो. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच असल्याने येथील हवा शेकडा सात विरळ. पणजीला उतरल्यावर गाडी जरा अंगात आल्यासारखी वाटते, ती उगीच नव्हे.

आता माझी चूक सांगतो. गाडी चढावर दम टाकू लागली, तेव्हा मी तिला 'सुधारायला' निघालो. उद्यमबागेजवळ आमचे एक नेहमीचे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे जाऊन म्हटले, मोकळा सायलेन्सर बसवा. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मोदल ब्रेक नोड्री, सर." आधी ब्रेक पाहा. मी म्हटले, ब्रेक लागतात की. त्यांनी मान हलवली आणि दुसरे गिऱ्हाईक पाहिले. मी दुसऱ्या गॅरेजात जाऊन नळी बसवून घेतली.

नळी बसवण्याआधी आणि नंतर मी मोजमाप केले, हे माझ्या पेशाला साजेसेच झाले. पहाटेचा रिकामा सरळ रस्ता, तिसरा गिअर, तीसवरून साठ किलोमीटर वेगापर्यंत लागणारा वेळ, शेजारी स्टॉपवॉच धरलेला पुतण्या. आधी ११ सेकंद लागत होते, नंतरही ११च. दोनदा सुई अलीकडे आली, एकदा पलीकडे गेली. वाढला तो फक्त आवाज. आवाजामुळे वेग वाढल्याचा भास होतो, आणि हा भास घड्याळाशिवाय जात नाही. तुमच्यापैकी ज्याला गाडीत बदल करावयाचा असेल त्याने पैसे देण्याआधी असे मोजून ठेवावे. बदल एका वेळी एकच करावा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो ना?

मग उशिरा का होईना, कॉम्प्रेशन गेज आणले. प्लग काढून, त्या जागी गेज दाबून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावयाचा. पहिल्या दोन सिलिंडरांत दाब अकराच्या आसपास आला, तिसऱ्यात साडेसात. एका सिलिंडरने अंग टाकले होते, आणि मी शेपटाला नळी बांधत होतो! येथे एक सोपी परीक्षा आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने फट बुजते. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. माझ्या गाडीत तो वाढला नाही. हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. व्हॉल्व्ह बदलून, पावडरने घासून नीट बसवून घेतले, टॅपेट लावले, टायमिंग पाहिले, प्लग आणि फिल्टर नवे घातले. पुन्हा तोच रस्ता, तोच पुतण्या: साडेआठ सेकंद.

म्हणजे अडीच सेकंद मिळाले ते 'सुधारणे'तून नव्हे, तर कारखान्याने दिलेले आणि वर्षानुवर्षे सांडून गेलेले परत गोळा करण्यातून. जुन्या गाडीत सर्वांत स्वस्त शक्ती हीच.

हेड उतरवले असताना गॅरेजातील एकाने सुचवले, "अर्धा मिलिमीटर घासून टाकू, कॉम्प्रेशन वाढेल." मी कागद घेतला. एका सिलिंडरची जागा २६५ घनसेंटिमीटर. दाबाचे गुणोत्तर ८.७ धरले तर वरची उरलेली जागा साडेचौतीस. अर्धा मिलिमीटर घासल्याने त्यातली फार तर पावणेदोन-दोन घनसेंटिमीटर कमी होणार आणि गुणोत्तर ९.१ होणार. ऑटो चक्राचे सूत्र तुम्ही दुसऱ्या वर्षी शिकलात, त्यात हे आकडे घाला. कार्यक्षमता ५८ टक्क्यांहून ५८.७ होते. म्हणजे ३९ अश्वशक्तीत अर्ध्या घोड्याची भर, आणि इंजिनात टकटक सुरू होण्याची धास्ती वेगळी. मागच्या सीटमागे ठेवलेली स्पीकरची जड पेटी आणि छतावरचा लोखंडी कॅरिअर मी काढून टाकला, त्याचा फायदा याहून अधिक झाला. त्याला पैसेही लागले नाहीत.

मोठ्या कार्बुरेटरचेही असेच आहे. गळा मोठा केला की हवेचा वेग मंदावतो, मग कमी फेऱ्यांवर पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि गाडी गावातल्या रहदारीत आचके देते. मात्र कार्बुरेटरकडे लक्ष देण्याचे आज एक खरे कारण आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते (त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे असणार). एक किलो पेट्रोल जळण्यास १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी लावलेल्या जुन्या कार्बुरेटरला हे मिश्रण शेकडा सात-आठ इतके 'लीन' पडते. गाडी दम टाकते, इंजिन तापते. नव्या गाड्यांतील यंत्रणा हे आपोआप सांभाळतात, जुन्या कार्बुरेटरला ते कळत नाही. मेन जेट एक नंबर मोठा घालून पाहणे, पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलणे, हे काम चैनीचे नाही. इथेनॉलने जुने रबर फुगते, चिरते, आणि चिरलेली नळी गरम इंजिनाजवळ असते.

असो. आता घाट.

डिसेंबर २०१८. गाडी उत्तम चालत होती, त्याचा मला अभिमान होता. आई, पत्नी, मुलगी आणि सामान घेऊन आम्ही सावंतवाडीला निघालो. आंबोली सोडून दाणोलीकडे उतरताना मी चौथ्याच गिअरमध्ये होतो. वळण आले की ब्रेक, सुटले की मोकळी. खालच्या टप्प्यात एका वळणाआधी पाय दाबला तो स्पंजावर पडल्यासारखा थेट खाली गेला. दुसऱ्यांदा दाबला, तेच. दुसरा गिअर घातला, हातब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या चरात डावे चाक घातले. बंपर दगडावर घासत गाडी थांबली. कोणाला खरचटलेही नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी ही गाडी कधी इतकी जोरात हाणली नव्हती रे."

संध्याकाळी मी हिशेब केला. माणसांसह गाडी ९०० किलो, उतार ५०० मीटर धरा: ९०० × ९.८ × ५०० म्हणजे सुमारे ४४ लाख जूल. ताशी साठच्या वेगातून गाडी एकदा थांबवण्यास सव्वा लाख जूल पुरतात. म्हणजे घाट ब्रेकवर उतरणे हे साठच्या वेगातून पस्तीस वेळा लागोपाठ थांबण्यासारखे. तेवढ्या उष्णतेत पंधरा लिटर पाण्याला आधण येईल. ही उष्णता कोठेतरी जावयास हवी. खालचा गिअर असता, तर पाय उचलल्यावर इंजिनाने तिचा मोठा वाटा गिळला असता. माझ्या गाडीत ती चकत्यांत आणि ड्रममध्ये गेली, तेथून ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ३ जातीचे ब्रेक ऑइल नवे असताना २०५ अंशांवर उकळते, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि पुरेसे पाणी मुरल्यावर हाच आकडा १४०पर्यंत येऊ शकतो. उकळले की वाफ, आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. माझे ऑइल किती वर्षांचे होते ते मलाही आठवेना.

म्हणून माझ्या यादीत आता ब्रेक वर आहेत. दर दोन वर्षांनी नवे ऑइल, चांगले पॅड, मागच्या ड्रमची जुळणी. त्याखालोखाल टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. '२३१५' म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे होते. रुंद टायरच्या मोहात १४५/७० आर १२च्या जागी १५५/६५ आर १३ घातले, तर चाकाचा व्यास शेकडा पावणेपाच वाढतो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने धावत असते, आणि चढावर पुन्हा दम टाकते.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. जुन्या गाडीची पुनर्नोंदणी करताना तपासणी होते, तेव्हा मनगटाएवढी नळी लपवता येत नाही. माझी मी त्याआधीच काढली. मूळचा सायलेन्सर माळ्यावर सापडला. वडिलांनी जुना सुटा भाग कधी टाकला नाही, ती सवय माझ्याही कामी आली.

त्या विद्यार्थ्याला मी येत्या रविवारी गाडी घेऊन बोलावले आहे. कॉम्प्रेशन गेज माझ्याकडे आहे. ब्रेक ऑइलचा नवा डबा त्याने आणावयाचा आहे, आणि स्टॉपवॉच धरायला एक मित्र.