शब्दांची कोडी

एक कोडं घालतो. सोडवा बघू.

तीन अक्षरांचा शब्द. पहिलं अक्षर काढलं, तर उरतं ते आंब्यात असतं. मधलं काढलं, तर उरतं ते भातावर घेतात. शेवटचं काढलं, तर उरतं ते रानातलं झाड. त्याची दारं-खिडक्या करतात. आणि तिन्ही अक्षरं जागेवर असली, तर तो आमच्या गणपतीपुळ्याच्या दारात रात्रंदिवस गर्जत असतो.

सुटलं? नसेल तर पुढं वाचू नका. आधी पाटीवर तीन घरं आखा नि डोकं खाजवा.

उत्तर आहे सागर. पहिलं गेलं, गर उरला. मधलं गेलं, सार उरलं, आमसुलाचं. शेवटचं गेलं, साग उरला.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. लावणी आटोपलेली असते. मग आम्ही चार-सहा माणसं दिवेलागणीला ओटीवर जमतो नि कोडी घालतो. ही चाल जुनी आहे. आज उखाणा म्हटलं की नवऱ्याचं नाव घ्यायचा उखाणा आठवतो. पण उखाणा म्हणजे कोडं, हाही त्याचा अर्थ आहे. गोव्याकडे कोड्याला हुमाण म्हणतात.

आमच्या पुळ्याच्या देवालाही कोडी सोडवावी लागली होती, बरं का! व्यासांना महाभारत लिहून घ्यायचं होतं. गणपती म्हणाला, "माझी लेखणी थांबता कामा नये." व्यास म्हणाले, "कबूल. पण अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही." मग विसावा हवा असला की व्यास गाठ मारलेला श्लोक सांगत. त्याला कूट श्लोक म्हणतात. असे ८,८०० श्लोक आहेत, असं परंपरा सांगते. गणपती जिथं थांबला, तिथं आपण अडलो तर लाज कसली?

लाजेवरून आठवलं. आमच्या बैठकीत एक काकी येत. वय साठीच्या पुढं. अक्षरओळख नवी. कोपऱ्यात बसत, बोलत नसत. एकदा आम्ही कोडं घातलं: "दोन अक्षरं. एक पाण्यावर चालते, एक प्रत्येकाला असतं." कुणी होडी म्हणालं. होडी पाण्यावर चालते, पण प्रत्येकाला कुठं असते? कुणी म्हणालं पडाव, कुणी मचवा. ही तर तीन-तीन अक्षरं! इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला, "गुरुजी, नाव ना!"

आम्ही खडू पुढं केला. काकी उठल्या. फळ्यावर 'नाव' लिहिलं. थोडं थांबल्या. मग त्याच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट. आतापर्यंत त्यांनी सगळीकडे अंगठाच दिला होता. त्या दिवसापासून त्या आमच्याहून कठीण कोडी घालू लागल्या. दोनदा आम्ही हरलो. इतकी वर्षं शाळा चालवून हरलो, हे कबूल केलं पाहिजे.

आता हे वाचा: ती होडी जाडी होती. शेवटच्या अक्षराकडून उलटं वाचा. तेच येतं की नाही?

पण एका अक्षराची गंमत कधी जिवावरही बेतते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीत 'धरावे' होतं, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केलं, असं लोक सांगत आले. ते पुराव्यानं सिद्ध झालेलं नाही. पण 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीत कायमचा राहिला.

कोड्यात मात्र अक्षर चुकलं तर रबरानं खोडता येतं. वर्तमानपत्रात चौकटीचं शब्दकोडं येतं, ते पाहिलंत का? तसलं पहिलं कोडं ऑर्थर विन या गृहस्थानं अमेरिकेत, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात, २१ डिसेंबर १९१३ रोजी छापलं. काही शब्द आडवे, काही उभे. मराठीत एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रेसकट. जोडाक्षरालाही एकच घर.

समजा, आडव्या शब्दाची खूण आहे: "खारट पाण्याचा मोठा साठा, तीन घरं." सागर बसतो. समुद्रही बसतो, स, मु, द्र. खरा कोणता? ते उभ्या शब्दाला विचारायचं. त्याच पहिल्या घरातून खाली उतरणाऱ्या शब्दाची खूण आहे: "अंगाला लावला की फेस होतो, तीन घरं." तो साबण. म्हणजे पहिल्या घरात 'सा' आला. समुद्र बाद! असा एक शब्द दुसऱ्याची साक्ष देतो. हे कोडं एकट्यानं सोडवू नये. एकाला झाडांची नावं ठाऊक, दुसऱ्याला माशांची, तिसरीला दागिन्यांची. सगळी मिळून चौकट भरते. भांडणंही होतात, पण ती चहा येईपर्यंतच.

जाता जाता हे एक घ्या. तीन अक्षरं. मधलं काढलं, तर उरतं ते पोटातल्या बाळाला आईशी जोडतं. शेवटचं काढलं, तर उरते बाई. तिन्ही असली, तर देवापुढं फुटतो. उत्तर आम्ही छापत नाही. शेजाऱ्याला घाला.